घरच्या संगणकासाठी ब्राउझरची निवड

निफाड तालुक्यातील ओझर हे बाणगंगेच्या काठचे गाव. १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि सभोवारचे द्राक्षमळे या दोन गोष्टींमुळे ते सर्वपरिचित आहे. कारखान्यातील कामगाराच्या घरी जसा संगणक आढळतो तसाच तो आता बागायतदाराच्या घरीही आढळू लागला आहे. सातबाराचा उतारा पाहणे, ठिबक संचाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणे, कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कांद्याचे भाव पाहणे, हवामानाचा अंदाज घेणे, निर्यातीच्या बागेच्या नोंदणीची माहिती मिळविणे आणि बँकेतील खात्याचा व्यवहार करणे ही कामे पूर्वी निरनिराळ्या कचेऱ्यांत हेलपाटे घालून होत असत. ती आता पुष्कळ अंशी घरी बसून होतात. या सर्व कामांचे दार मात्र एकच आहे, ते म्हणजे ब्राउझर.

द्राक्षाचा वाण निवडताना चार बागा हिंडून चौकशी करणारा शेतकरी ब्राउझरच्या बाबतीत मात्र दुकानदाराने जो बसवून दिला तोच वर्षानुवर्षे वापरीत राहतो. ही उपेक्षा परवडण्यासारखी नाही. महाडीबीटीवर २०२५ पासून सोडतीऐवजी प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य हे तत्त्व लागू झाले आहे. अशा वेळी अर्ज अर्ध्यावर अडकून पडला तर नंबर मागे जातो. बँकेचा पासवर्ड चोराच्या हाती गेला तर वर्षभराच्या मालाचे पैसे एका रात्रीत नाहीसे होऊ शकतात. यास्तव ब्राउझर म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते आणि आपल्या घरास कोणता योग्य, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

ब्राउझर म्हणजे काय?

इंटरनेट आणि ब्राउझर या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंटरनेट हा रस्ता होय. त्या रस्त्याने दूरच्या संगणकावरील पान मागवून आणणारी आणि ते वाचता येईल अशा रूपात पडद्यावर मांडणारी यंत्रणा म्हणजे ब्राउझर. दूरच्या संगणकाकडून येतो तो केवळ सांकेतिक भाषेतील मजकूर. कोणते अक्षर कोठे उमटावे, चित्र कोठे बसावे, अर्जातील रकाना कसा भरला जावा, हे त्या संकेतांवरून ठरविण्याचे काम ब्राउझर करतो. हेच पान दोन ब्राउझरांत किंचित निराळे दिसते किंवा एकात चालते आणि दुसऱ्यात चालत नाही, त्याचे कारण येथे आहे.

गुगल हे नावही ब्राउझरचे नाही. गुगल हे माहिती शोधून देणारे संकेतस्थळ आहे व क्रोम हा त्याच कंपनीचा ब्राउझर आहे. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९९० साली युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर बाजारात आला.

खुंट एक, कलमे अनेक

बाजारात ब्राउझरांची नावे पुष्कळ असली तरी त्यांच्या जाती फार थोड्या आहेत. ही गोष्ट द्राक्षबागायतदारास चटकन उमगेल. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन सीडलेसचे कलम भरले काय किंवा तास-ए-गणेशचे भरले काय, जमिनीतील मूळ तेच राहते. वरचा वेल, मणी आणि चव यांत फरक पडतो. पण क्षार सोसण्याची व पाण्याचा ताण सहन करण्याची ताकद खुंटाची असते.

ब्राउझरचेही तसेच आहे. पानाची मांडणी करणारा जो गाभा आतमध्ये असतो त्यास इंजिन म्हणतात. इंजिन हा खुंट आणि वरचा ब्राउझर हे कलम. आज प्रचारात असलेले मुख्य खुंट तीनच आहेत.

(१) ब्लिंक : गुगल कंपनीने २०१३ साली जुन्या वेबकिट इंजिनापासून हा निराळा केला. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि चेन्नईच्या झोहो कंपनीने २०२३ साली काढलेला उला ही सर्व याच खुंटावरील कलमे आहेत.

(२) गेको : मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स या खुंटावर उभा आहे.

(३) वेबकिट : ॲपल कंपनीच्या सफारीचा हा खुंट. सफारी फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतो. विंडोजसाठी त्याची आवृत्ती काढणे २०१२ साली थांबले.

या वर्गीकरणाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. एखादे संकेतस्थळ क्रोममध्ये चालेना म्हणून एज उघडल्यास अनेकदा तीच अडचण पुन्हा येते, कारण खुंट एकच असतो. अशा वेळी फायरफॉक्समध्ये ते पान उघडून पाहणे ही खरी पडताळणी होय. म्हणून घरच्या संगणकावर दोन ब्राउझर ठेवावेत आणि ते भिन्न खुंटांचे असावेत, हा पहिला नियम समजावा.

एकाच वाणाचा धोका

संपूर्ण शिवारात एकच वाण असला म्हणजे रोग आला की सर्व शिवार एकदम सापडते, हा शेतीतील अनुभव ब्राउझरांच्या इतिहासातही आला आहे. २००१ साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती निघाली. पुढील दोन-तीन वर्षांत जगातील दहापैकी नऊ संगणकांवर हाच ब्राउझर वापरला जाऊ लागला. प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा सुधारणाही थांबली, आणि सातवी आवृत्ती निघण्यास २००६ साल उजाडले. मधल्या काळात त्यातील दोषांचा फायदा घेऊन असंख्य संगणकांत विषाणू शिरले. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि लोकांस पर्याय मिळाला, तेव्हा कोठे सुधारणेस पुन्हा गती आली.

मराठी वाचकांस या एकछत्री कारभाराचा आणखी एक त्रास झाला. त्या काळी कित्येक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये अक्षरे छापीत. इंटरनेट एक्सप्लोरर तो फाँट आपोआप उतरवून घेई आणि मजकूर दिसे. इतर ब्राउझरांत मात्र मराठीच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. युनिकोड ही सर्वांस समान असलेली लिपीपद्धती रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली, आणि आज कोणत्याही चांगल्या ब्राउझरात मराठी सारखीच वाचता येते.

सरकारी कामकाजातही हे घडले. निविदा भरणे, डिजिटल स्वाक्षरी करणे यांसाठीची जुनी संकेतस्थळे जावाच्या जोडयंत्रणेवर चालत. क्रोमने ती पद्धत २०१५ साली व फायरफॉक्सने २०१७ साली बंद केली. त्यामुळे काही कचेऱ्यांत केवळ त्या कामासाठी इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवावा लागला. तो ब्राउझरही १५ जून २०२२ रोजी सेवेतून निवृत्त झाला. अद्याप एखादे जुने संकेतस्थळ त्याच पद्धतीचे असल्यास एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोररसारखे चालण्याची सोय ठेवलेली आहे. तिचा उपयोग त्या एका कामापुरताच करावा.

आज क्रोमचा वापर जगात सुमारे दोन तृतीयांश आहे, आणि त्याच्या खुंटावरील इतर कलमे धरली तर हे प्रमाण त्याहूनही वाढते. क्रोम चांगला ब्राउझर आहे यात शंका नाही. तथापि दुसरा खुंट शिवारात जिवंत राहणे सर्वांच्याच हिताचे आहे.

प्रमुख ब्राउझरांचे गुणदोष

क्रोम : २००८ साली आलेला हा ब्राउझर चपळ आहे. बहुतेक संकेतस्थळे तयार करणारे लोक आपले काम प्रथम क्रोममध्येच तपासतात, त्यामुळे त्यात अडचणी कमी येतात. अँड्रॉइड फोनवर तोच असल्याने फोन व संगणक यांची जुळणी सोपी होते, आणि इंग्रजी पानाचे मराठी भाषांतर करण्याची सोय त्यात आहे. उणिवा दोन आहेत. अनेक पाने उघडली की तो स्मरणशक्ती पुष्कळ खातो. दुसरे म्हणजे गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे असल्याने वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींची नोंद घेण्याकडे त्याचा कल असतो. जाहिराती अडविणारी जुन्या पद्धतीची प्रभावी जोडसाधने क्रोममध्ये २०२४ व २०२५ या काळात बंद करण्यात आली.

एज : हा विंडोजबरोबरच येतो, निराळा बसवावा लागत नाही. जानेवारी २०२० पासून तो क्रोमच्याच खुंटावर आहे. न वापरलेली पाने झोपविण्याची सोय असल्याने कमी कुवतीच्या संगणकावर तो बरा चालतो. पान मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असून त्यात मराठी आवाजही आहेत. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे अशा वडीलधाऱ्यांना ही सोय उपयुक्त ठरेल. बातम्या, जाहिराती आणि मायक्रोसॉफ्टच्या इतर सेवांचा आग्रह ही त्याची उणीव होय. तथापि सेटिंगमध्ये जाऊन हा पसारा बराचसा बंद करता येतो.

फायरफॉक्स : हा स्वतंत्र खुंटावरील आणि ना-नफा संस्थेने चालविलेला ब्राउझर आहे. वापरणाऱ्याचा माग काढणाऱ्यांस तो मूळचाच अडवितो व जाहिराती रोखणारी साधने त्यात पूर्ण शक्तीने चालतात. त्याच्या खिडकीतील सूचना मराठीतही मिळतात. क्वचित एखादे संकेतस्थळ केवळ क्रोमसाठी बनविलेले असल्यास ते येथे अडखळते. मोझिला संस्थेचे उत्पन्नही मुख्यतः गुगलशी असलेल्या शोधसेवेच्या करारातून येते, हे लक्षात ठेवलेले बरे.

ब्रेव्ह, ऑपेरा, उला : यांत जाहिराती अडविण्याची सोय मूळचीच असते. उला हा देशी कंपनीचा असल्याने त्याबद्दल कुतूहल आहे. ही कलमे वापरण्यास हरकत नाही, परंतु घरातील मुख्य ब्राउझर म्हणून घेण्यापूर्वी आपली सरकारी व बँकेची कामे त्यात नीट होतात की नाही हे पाहून घ्यावे.

हे सर्व ब्राउझर विनामूल्य मिळतात. फुकटचे बियाणे घेताना ते कोणी व का दिले हे सुज्ञ शेतकरी विचारतो. तोच प्रश्न येथेही विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर डोळसपणे निवड करावी.

जमीन पाहून वाण

ओझर परिसरातील शेतकऱ्यांना पाणी मोजून घेण्याची सवय आहे. वाघाड प्रकल्पाच्या पाण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या, आणि मिळालेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे पोहोचवावे याचा धडा घालून दिला. संगणकाची स्मरणशक्ती हेही असेच मोजके पाणी आहे. ब्राउझरमध्ये उघडलेले प्रत्येक पान म्हणजे उघडलेली एक एक चारी. सर्व चाऱ्या एकदम उघडल्या की शेवटच्या शेतास पाणी पोहोचत नाही. तद्वत पंधरा पाने उघडी ठेवून सोळाव्या पानावर अर्ज भरावयास घेतला की संगणक अडून बसतो, आणि दोष मात्र संकेतस्थळास दिला जातो.

संगणकाची स्मरणशक्ती किती आहे हे प्रथम पाहावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता विंडोजमध्ये एक तक्ता उघडतो. कोणता कार्यक्रम किती स्मरणशक्ती घेत आहे हे त्यात दिसते. त्यानुसार पुढीलप्रमाणे निवड करावी.

(अ) स्मरणशक्ती ४ जीबी असल्यास : एज हा मुख्य व फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर ठेवावा. एका वेळी दोन-तीन पानांहून अधिक पाने उघडू नयेत. दोन्ही ब्राउझर एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

(आ) स्मरणशक्ती ८ जीबी किंवा अधिक असल्यास : क्रोम किंवा एज यांपैकी जो सोयीचा वाटेल तो मुख्य आणि फायरफॉक्स दुसरा ठेवावा. ज्यांना जाहिरातींचा व माग काढण्याचा तिटकारा आहे त्यांनी हा क्रम उलटा करावा.

(इ) ॲपलचा संगणक असल्यास : सफारी व फायरफॉक्स ही जोडी पुरेशी आहे.

(ई) विंडोज ७ किंवा ८.१ असलेला जुना संगणक असल्यास : येथे ब्राउझर बदलून प्रश्न सुटत नाही. या दोन्ही प्रणालींसाठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये निघाली. त्यानंतरच्या सुधारणा तेथे पोहोचत नाहीत. अशा संगणकावर बँकेचा व्यवहार करू नये. यंत्र चांगले असल्यास त्यावर उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली जाणकाराकडून बसवून घ्यावी आणि फायरफॉक्स वापरावा.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या प्रणालीवर एजच्या सुधारणा निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. तथापि खालची जमीनच नापीक होऊ लागली असता वरच्या वाणावर किती काळ विसंबावे याचा विचार वेळीच करावा.

फवारणी रोगाच्या आधी

वरील सर्व विवेचनाहून एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणता ब्राउझर घेतला यापेक्षा तो अद्ययावत आहे की नाही यावर संगणकाची सुरक्षितता अधिक अवलंबून असते. केवडा घडात शिरल्यावर फवारणी करून हाती काही लागत नाही. ढगाळ हवा दिसताच जो संरक्षक फवारणी करतो त्याची बाग वाचते. ब्राउझरची सुधारित आवृत्ती ही अशीच संरक्षक फवारणी होय.

ब्राउझरमध्ये सतत नवे दोष सापडत असतात. दोष जाहीर झाला की तो दुरुस्त करणारे आणि त्याचा गैरफायदा घेणारे असे दोन्ही पक्ष एकाच वेळी कामास लागतात. म्हणून क्रोमच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या २०२३ पासून साधारण दर आठवड्यास निघतात. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी निघते. ती आपोआप उतरते हे खरे, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याखेरीज लागू होत नाही. फवारणीचे औषध पंपात भरून ठेवले आणि पंप चालविलाच नाही, असा हा प्रकार होतो. पुष्कळ घरांत संगणक केवळ झोपविला जातो आणि ब्राउझर आठवडेच्या आठवडे उघडाच राहतो. आठवड्यातून एकदा ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडण्याचा नियम ठेवावा. आवृत्ती अद्ययावत आहे की नाही हे ब्राउझरच्या मेनूमधील मदत विभागात, ब्राउझरविषयीच्या माहितीत दिसते.

पत्ता उजवीकडून वाचावा

चांगला ब्राउझरही फसव्या पानाच्या सर्व युक्त्या ओळखू शकत नाही. तेव्हा पत्ता वाचण्याची कला घरातील प्रत्येकास शिकविली पाहिजे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता असतो. त्यातील पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. केंद्र व राज्य सरकारची बहुतेक संकेतस्थळे ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपतात. ही अक्षरे पत्त्याच्या मध्ये कोठेतरी असून शेवट निराळाच असेल तर ते पान सरकारी नव्हे. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यावीत असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. त्यामुळे बँकेचे पान ओळखण्याची ही एक चांगली खूण झाली आहे.

पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हाविषयी मोठा गैरसमज आहे. कुलूप म्हणजे वाटेत कोणास मजकूर वाचता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे असा नव्हे. चोरासही कुलूप विकत मिळते. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ साली ते चिन्हच बदलून टाकले.

याखेरीज पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सूचना पाठविण्याची परवानगी मागणाऱ्या अनोळखी पानास नकार द्यावा. संगणकात विषाणू शिरला असे सांगणाऱ्या ज्या चिठ्ठ्या पडद्याच्या कोपऱ्यात उमटतात त्या बहुधा अशाच एखाद्या परवानगीतून आलेल्या असतात. जोडसाधने दोन-तीनच ठेवावीत, कारण त्यांपैकी कित्येकांना उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची मुभा असते. ब्राउझर उतरवून घ्यावयाचा तो ज्याचा त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. पैशाची फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितका उशीर तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

एक संगणक, अनेक माणसे

शेतकऱ्याच्या घरात संगणक बहुधा एकच असतो. त्यावर मुलगी अभ्यास करते, मुलगा खेळतो आणि वडील बँकेचे काम करतात. सर्वांनी एकाच उघड्या खात्यावर काम करणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारातील खुंटीवर टांगण्यासारखे आहे. क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्हींत प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र कप्पा, म्हणजे प्रोफाइल, करता येतो. त्यामुळे खुणेची पाने, साठविलेले पासवर्ड व जोडसाधने ज्याची त्याच्यापाशी राहतात. मात्र प्रोफाइल हे केवळ कप्पे आहेत, त्यांना कुलूप नसते. पैशाचे व्यवहार करणाऱ्याने विंडोजमध्येच आपले निराळे खाते पासवर्ड घालून करून घ्यावे.

सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम करावे लागल्यास खासगी खिडकी उघडावी आणि काम संपताच ती बंद करावी. खासगी खिडकीमुळे त्या संगणकावर मागे खुणा राहत नाहीत. परंतु संकेतस्थळास किंवा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस काहीच कळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

नेहमीच्या तीन अडचणी

(१) उतारा किंवा पावती छापण्याची खिडकीच उघडत नाही : ब्राउझरने ती पॉप-अप समजून अडविलेली असते. पत्त्याच्या पट्टीत उमटणारी खूण दाबून केवळ त्या सरकारी संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. सर्वांस परवानगी देऊ नये.

(२) पान अर्धवट किंवा जुनेच दिसते : कंट्रोल व एफ-५ या कळा एकदम दाबून पान नव्याने मागवावे. तरीही न जमल्यास खासगी खिडकीत व त्यानंतर दुसऱ्या खुंटाच्या ब्राउझरात तेच पान उघडावे. दोन्हीकडे अडचण आल्यास दोष बहुधा संकेतस्थळाकडे किंवा इंटरनेटच्या जोडणीत आहे असे समजून काही वेळाने प्रयत्न करावा.

(३) डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उघडतो, परंतु स्वाक्षरी खरी की खोटी कळत नाही : ब्राउझर हा केवळ कागद दाखवितो, स्वाक्षरीची पडताळणी करीत नाही. त्यासाठी तो उतारा उतरवून घेऊन पीडीएफ वाचणाऱ्या स्वतंत्र कार्यक्रमात उघडावा किंवा उताऱ्यावरील क्रमांकावरून महाभूमीच्या संकेतस्थळावर पडताळावा.

घरचा प्रयोग

एखादे वाण आपल्या जमिनीत कसे येते हे पाहावयाचे तर थोड्या जागेत लावून पाहणे हाच खरा मार्ग. ब्राउझरची पारखही तशीच करावी. भिन्न खुंटांचे दोन ब्राउझर बसवावेत. एक आठवडा सर्व कामे पहिल्यात व दुसरा आठवडा तीच कामे दुसऱ्यात करावीत. सातबारा पाहणे, बाजारभाव पाहणे, महाडीबीटीवर आपल्या खात्यात जाणे, बँकेची शिल्लक पाहणे व एक पान छापणे एवढी पाच कामे पुरेत. प्रत्येक वेळी काम पुरे झाले की नाही, किती वेळ लागला, संगणक अडला काय आणि घरातील वृद्धांना अक्षर नीट वाचता आले काय, एवढे वहीत टिपून ठेवावे. दोन आठवड्यांनी वही स्वतःच उत्तर देईल. निवड ठरल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ब्राउझर नेहमीचा म्हणून नेमावा. जुन्यातील खुणेची पाने नव्यात आणता येतात, त्यामुळे बदलाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात या विषयाची माहिती देताना कोणत्याही एका ब्राउझरचा पुरस्कार करणे टाळावे. प्रत्येक घरचा संगणक, गरज व माणसे निराळी असतात. प्रात्यक्षिकासाठी एकाच संगणकावर दोन ब्राउझरांत तेच सरकारी पान उघडून दाखवावे, खुंट व कलम हे उदाहरण सांगावे आणि पत्ता उजवीकडून वाचण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा. शेतकऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी स्वतः विचारू नये व त्याने सांगू लागल्यास त्यास थांबवावे. कार्यकर्त्याने घालून दिलेली ही शिस्त दहा व्याख्यानांहून अधिक काम करील.

सारांश

ब्राउझर निवडताना नावाच्या प्रसिद्धीवर जाऊ नये. संगणकाची कुवत पाहावी, आपले काम पाहावे आणि घरातील माणसे पाहावीत. भिन्न खुंटांचे दोन ब्राउझर ठेवावेत. आठवड्यातून एकदा ते बंद करून उघडावेत, म्हणजे दुरुस्त्या लागू होतील. पत्ता उजवीकडून वाचावा. एवढी दक्षता बाळगल्यास साधा, जुना आणि कमी कुवतीचा संगणकही अनेक वर्षे चोख काम देईल. दुर्लक्ष झाल्यास मात्र महागातला संगणकही मालकाचे नुकसान केल्याशिवाय राहणार नाही.